कोसंबींचा तराजू आणि झिजलेली नाणी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने एक व्हिडिओ टाकला. परातीत तांदूळ पसरलेले, वर दोऱ्याने टांगलेलं तांब्याचं नाणं, आणि तांदळाचे दाणे टुणकन उडून त्याला चिकटतायत. नाण्यावर एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. निवेदकाच्या म्हणण्याप्रमाणे हे 'राईस पुलर', यात 'इरिडियम' असतं आणि परदेशातले शास्त्रज्ञ ते कोट्यवधी रुपयांना घेतात. खाली भावाचा प्रश्न होता, "आमच्या आईकडेपण एक जुनं नाणं आहे. बघतोस का जरा?"

तांदळाचा निकाल आधी लावतो. तांब्याला लोखंडसुद्धा चिकटत नाही, तिथे तांदूळ काय चिकटणार! दाण्यांना लोखंडाचा कीस फासून नाण्यामागे चुंबक लपवला की झाला चमत्कार. ईस्ट इंडिया कंपनीने रामदरबाराचं नाणं कधीच पाडलं नाही. तसल्या चकत्या देवळाबाहेरच्या दुकानात आजही मिळतात. जुन्या नाण्यांना लाखोंची किंमत देतो असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं होतं. तरी 'तपासणी फी' भरणारे भरतातच.

मावशीकडचं नाणं मात्र खरं निघालं. राणीछाप रुपया, साल १८६२. व्हिक्टोरियाच्या गालावरची गोलाई सपाट झालेली, मुकुटाची नक्षी गुळगुळीत, कडेच्या रेघा बोटाला जेमतेम लागतात. मी तो घेऊन कोपऱ्यावरच्या सराफाकडे गेलो. त्याच्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर आकडा आला ११.२१ ग्रॅम.

"घासलाय," सराफ म्हणाला आणि परत दिला. त्याच्या लेखी विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

टांकसाळीतून निघताना या रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होतं. हाच तोळा. जुने सराफ वजन म्हणून पारड्यात सरळ रुपयाच टाकायचे. म्हणजे मावशीच्या रुपयातली ०.४५ ग्रॅम चांदी कुठेतरी गेली. कुठे गेली? कुणाच्या कनवटीला, कुणाच्या बटव्यात, किराणा दुकानाच्या लाकडी गल्ल्यात, दुसऱ्या रुपयांच्या अंगावर. कणाकणाने, आणि कुणाला कळू न देता.

या हरवलेल्या चांदीवरून अडीच हजार वर्षांपूर्वीचा इतिहास काढता येईल, असं एका गणितज्ञाच्या डोक्यात आलं. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातला. बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव, हार्वर्डला शिकलेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रोज डेक्कन क्वीनने जाणारे. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं एक सूत्र आजही वापरात आहे. इतिहासकार म्हणून त्यांच्यावर भांडणं खूप होतात. मला आवडतात ते तराजू घेऊन बसलेले कोसंबी.

त्यांच्यासमोरचा प्रश्न मुळात चमत्कारिक होता. भारतातली सगळ्यात जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीचे वेडेवाकडे, बहुधा चौकोनी तुकडे. त्यावर राजाचं नाव नाही, गावाचं नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही. नुसत्या खुणा: सूर्य, सहा आऱ्यांचं चक्रासारखं काहीतरी, डोंगर, बैल, हत्ती, झाड. इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकापासून पुढे काही शतकं ही नाणी गांधारापासून दक्षिणेपर्यंत चालली आणि हजारोंनी सापडली. आता त्यांचा क्रम लावायचा कसा? कुठलं आजोबांचं, कुठलं नातवाचं?

एखादं आहत नाणं हातात धरलंय असं समजा. नखाएवढा तुकडा, वजन साधारण ३.४ ग्रॅम. चांदीची लगड ठोकून पत्रा करायचा, पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे तुकडे पाडायचे. तुकडा तोलायचा. जड भरला तर कोपरा छाटायचा, अजून जड असला तर दुसरा कोपरा. म्हणून पुष्कळ नाण्यांचे एक-दोन कोपरे उडालेले दिसतात. मग एका बाजूवर एकेक करून पाच ठसे मारायचे. ठसे एकमेकांवर चढतात, अर्धे तुकड्याच्या बाहेर जातात. कुणाला त्याची फिकीर नव्हती. दिसण्यापेक्षा वजन महत्त्वाचं होतं, आणि ते वजन आजच्या अर्थाने चांगलं काटेकोर आहे.

'आहत' म्हणजे ठोकलेलं. पाणिनीचं एक सूत्रच आहे, 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. रूप, म्हणजे ठशाची आकृती, ज्यावर ठोकली ते 'रूप्य'. आपला रुपया या रूप्याचाच वंशज. व्याकरणाच्या पुस्तकात टांकसाळ सापडते ती अशी.

वजनाचं माप होतं गुंज. तीच ती लालचुटुक, काळ्या टोपीची. मनुस्मृतीत चांदीच्या 'पुराण' नाण्याचं वजन ३२ कृष्णले, म्हणजे ३२ गुंजा दिलंय. आपल्या सराफी कोष्टकात ८ गुंजांचा मासा आणि १२ मासे म्हणजे तोळा, त्या हिशेबाने ३२ गुंजा ३.८९ ग्रॅम भरतात. नाणी त्याहून हलकी आहेत, कारण जुनं गुंजेचं मान हलकं होतं. इथे थांबून मी गुंजांवरच दोन पानं लिहू शकतो, पण मोह आवरतो.

कोसंबींचा मुद्दा साधा होता. नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. मग वजन हे नाण्याचं घड्याळ नाही का?

हे घड्याळ चालतं कसं ते नीट बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की किती धातू उडतो याचा एक ठोकताळा यंत्रशास्त्रात आहे: दाब जितका जास्त आणि घासलेलं अंतर जितकं लांब तितकी झीज जास्त, आणि धातू जितका कठीण तितकी झीज कमी. नाण्याच्या आयुष्यात दाब आणि धातू फारसे बदलत नाहीत. बदलतं ते अंतर, म्हणजे किती वेळा हाताळलं ते. म्हणून सरासरी झीज काळाच्या प्रमाणात वाढली पाहिजे. दहा वर्षांत जेवढी, वीस वर्षांत त्याच्या दुप्पट.

सरासरी हा शब्द महत्त्वाचा. एकटं नाणं काहीच सांगत नाही. तुमच्या हातातलं नाणं हलकं असेल तर ते खूप फिरलेलं असेल, किंवा मुळातच हलकं पाडलेलं असेल, किंवा कुणी त्याची कड कापून चांदी काढून घेतली असेल. यातलं काय खरं हे ते नाणं सांगणार नाही. पण एका घडणीची शंभर नाणी असली की बोलायला लागतात.

१८६८ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडमधली सोन्याची सॉव्हरिन नाणी तोलली होती. त्याच्या २७४ नाण्यांचा तक्ता संख्याशास्त्राच्या लोकांत प्रसिद्ध आहे. सॉव्हरिनवर साल असतं, त्यामुळे वय आयतंच कळतं. कोरं सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम. पहिल्या दशकातली, म्हणजे वयाने दहा वर्षांच्या आतली, नाणी सरासरी ७.९७३ ग्रॅम भरली, दुसऱ्या दशकातली ७.९५०, तिसऱ्या ७.९२८, चौथ्या ७.८९६ आणि पाचव्या दशकातली ७.८७३. दर दहा वर्षांना दोन ते तीन शतांश ग्रॅमची पायरी, जवळजवळ सरळ रेषेत. घड्याळ चालतंय.

आता तक्त्यातला दुसरा रकाना. प्रत्येक दशकातल्या नाण्यांची वजनं एकमेकांपासून किती विखुरलेली आहेत, त्याचं माप. याला प्रमाण विचलन म्हणतात, मी पसारा म्हणतो. पहिल्या दशकात पसारा ०.०१४ ग्रॅम, दुसऱ्यात ०.०२३, पाचव्यात ०.०५४. नाणी म्हातारी होतात तशी नुसती हलकी होत नाहीत, एकमेकांपासून वेगळीही होत जातात. माणसांसारखीच म्हणा ना. पहिलीच्या वर्गातली मुलं वजनाला सारखीच असतात, त्याच वर्गाचं पन्नासाव्या वर्षी संमेलन भरवा.

पसारा का वाढतो? समजा प्रत्येक हातबदलात नाणं थोडंसं झिजतं, कधी जास्त कधी कमी, आणि दर वेळची झीज आधीच्या झिजेवर अवलंबून नाही. मग क्ष हातबदलांनंतर सरासरी झीज क्षच्या प्रमाणात वाढेल, पण पसारा क्षच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढेल. कारण एकदा जास्त झिजलं तर पुढे एकदा कमी झिजून थोडी भरपाई होते. नाणेफेकीचा नियम तोच. (हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे सरकावं, ज्यांना नाही त्यांनी मान्य करून पुढे सरकावं.) दुसऱ्या दशकातलं नाणं सरासरी १५ वर्षांचं आणि पाचव्यातलं ४५ वर्षांचं धरलं तर वय तिप्पट. वर्गमूळ ३ म्हणजे १.७३. पसारा तेवढ्या पटीने वाढायला हवा होता, प्रत्यक्षात तो सुमारे २.४ पट वाढला.

म्हणजे आपलं गृहीतक चुकलं. भरपाई पूर्ण होत नाही. काही नाण्यांची वाट मुळातच खडबडीत असते. एसटीच्या कंडक्टरच्या चामडी बॅगेत पडलेलं नाणं दिवसभर खुळखुळतं, लग्नाच्या आहेरात आलेलं डब्यात झोपून राहतं. एकदा बॅगेत गेलेलं नाणं बॅगांच्याच जगात फिरण्याची शक्यता जास्त. तेव्हा सरासरीवरून काळ कळतो आणि पसाऱ्यावरून त्या समाजात पैसा कसा फिरत होता त्याचा वास येतो. मला हा रकाना सरासरीपेक्षा जास्त आवडतो.

कोसंबींनीही १९४०च्या दशकात आधी त्या काळच्या चालू नाण्यांवर हे पडताळून बघितलं. साल छापलेली, रोजच्या व्यवहारातली नाणी ढिगाने तोलायची आणि वजन वयाबरोबर खरंच उतरतं का ते बघायचं. ते उतरत होतं. मग ते आहत नाण्यांकडे वळले.

पण साल नसलेल्या नाण्यांत घड्याळाचा काटा शून्यावर कधी होता हे कसं कळणार? इथे मदतीला येतो गाडलेला साठा. कुणीतरी संकटकाळी नाणी मडक्यात घालून पुरतो आणि परत येत नाही. त्या क्षणी मडक्यातल्या सगळ्या नाण्यांची घड्याळं एकदम बंद पडतात. जुनी नाणी जुन्या वजनावर, नवी नव्या. मडकं म्हणजे त्या दिवशीच्या बाजाराचा फोटो.

तक्षशिलेच्या भीर टेकाडावर १९२४ मध्ये असा एक साठा सापडला. हजारावर आहत नाणी, आणि त्यांच्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचं एक नाणं. ही ग्रीक नाणी जवळजवळ कोरी होती. फिलिप इसवी सनापूर्वी ३१७ मध्ये मारला गेला. म्हणजे मडकं त्याच सुमारास पुरलं गेलं असणार. तीन परदेशी पाहुण्यांनी हजार मुक्या यजमानांची तारीख सांगितली. त्याच टेकाडावर दुसरा, लहान साठाही मिळाला होता. त्यात डायोडोटस या बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजाचं नाणं होतं, म्हणजे तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा. मध्ये साठ-सत्तर वर्षं, आणि त्यात सबंध मौर्य साम्राज्याचा उदय.

या नाण्यांच्या पुढच्या बाजूला पाच मोठे ठसे, हे आपण पाहिलंच. पाठीवर मात्र बारीक खुणा असतात. काही नाण्यांची पाठ कोरी, काहींवर एक, काहींवर चार-पाच, काहींची पाठ खुणांनी भरून गेलेली. जुने अभ्यासक त्यांना गावांच्या किंवा टांकसाळींच्या खुणा समजत. कोसंबींनी वेगळंच केलं. खूण कसली आहे हे बाजूला ठेवलं आणि खुणा किती आहेत ते मोजलं. मग प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढलं. पाठ कोरी असलेली नाणी सगळ्यांत जड. एक खूण असलेली त्याहून जरा हलकी. दोनवाली आणखी हलकी. खूण वाढली की वजन पायरीपायरीने खाली.

अर्थ असा की पाठीवरच्या खुणा जन्मखुणा नव्हत्या. नाणं चलनात फिरत असताना कुणीतरी ते अधूनमधून तपासत होतं, चांगलं आहे म्हणून बारीक ठसा मारत होतं आणि परत सोडत होतं. गाडीच्या काचेवर दरवर्षी नवीन कागद चिकटतो ना, तसं. ज्याच्यावर जास्त कागद ती गाडी जुनी. आणि हे नियमाने होत असल्याशिवाय वजनाची उतरण इतकी सरळ आली नसती.

हे काम कोण करत असेल त्याचा सुगावा मला विनयपिटकातल्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, एका गोष्टीत लागतो. उपाली नावाच्या मुलाचे आईबाप विचार करतायत, आपल्या मागे या पोराने काय करावं. लेखन शिकवलं तर बोटं दुखतील. गणन शिकवलं तर छाती दुखेल. रूप शिकवलं तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्षू झालेला बरा, खाऊनपिऊन सुखात राहील! रूप शिकलं तर डोळे का दुखतील, याचं उत्तर पाली टीकेत आहे: ते शिकणाऱ्याला कार्षापण, म्हणजे हीच नाणी, उलटीपालटी करून पुन्हा पुन्हा बघावी लागतात. म्हणजे पाठ बघावी लागते. नाणेपारख हा डोळे फोडणारा धंदा आहे, हे त्या काळच्या आईबापांना पक्कं माहीत होतं.

पुढे हाच माणूस कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात सरकारी नोकर झालेला दिसतो. टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष, नाणी तपासायला रूपदर्शक. नाण्याची कृतीही दिली आहे: चौथा हिस्सा तांबं, सोळावा हिस्सा लोखंड, कथील, शिसं किंवा अंजन यांपैकी काहीतरी, बाकी चांदी. म्हणजे अधिकृत नाण्यातच चांदी सोळात अकरा भाग. आणि तपासणीची फी शेकडा अष्टमांश. खुणेचा ठसा फुकट पडत नव्हता.

कोसंबींचा सगळ्यात वादग्रस्त निष्कर्ष इथून येतो. त्यांच्या मते ही नाणी आणि त्यांची तपासणी आधी व्यापाऱ्यांच्या श्रेणींनी, म्हणजे संघांनी, सुरू केली, राजा त्यात नंतर शिरला. आणि राजा शिरल्यावर, म्हणजे मौर्य काळाच्या नाण्यांत, तांबं वाढलं आणि वजनातला पसाराही वाढला. बाजारात एकदम खूप नाणी लागत होती, टांकसाळ घाईत होती आणि खजिन्याला चांदी कमी पडत होती, असं त्यांनी यातून वाचलं. पसाऱ्याच्या एका आकड्यातून सरकारी तिजोरीची ओढाताण! मौर्यांचं सुवर्णयुग शाळेत शिकलेल्यांना हे पचायला जड जातं. मला तो युक्तिवाद संपूर्ण पटत नाही. घाईघाईने छाटलेल्या तुकड्यांचा पसारा आणि झिजेमुळे आलेला पसारा वेगळे करणं वाटतं तितकं सोपं नाही. पण प्रश्न विचारायची ही रीत मात्र त्यांच्याआधी आपल्याकडे कुणाची नव्हती.

या नाण्यांचं पुढे काय व्हायचं? भारहुतच्या स्तूपावरचं एक शिल्प कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. अनाथपिंडिक नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, बुद्धासाठी जेतवनाची बाग विकत घेतली त्याची गोष्ट. मालकाने किंमत सांगितली: सगळी जमीन झाकेल इतकी नाणी. शिल्पात बैल सोडलेली गाडी उभी आहे आणि दोन माणसं उकिडवी बसून चौकोनी तुकडे फरशीसारखे कडेला कड लावून मांडतायत. चौकोनी! पुस्तकातल्या चित्रांत सोन्याच्या गोल मोहरा दाखवतात त्या विसरा. त्या शिल्पकाराच्या खिशात, खिसा असता तर, असलेच तुकडे असणार.

आपल्याकडे जुन्नरजवळच्या नाणेघाटात दगडी रांजण दाखवतात, त्यात जकातीची नाणी टाकायचे म्हणून सांगतात. पर्यटकांना रांजण आवडतो. मी म्हणेन रांजणाकडे पाठ करून शेजारच्या लेण्यात जा. सातवाहन राणी नागनिकेचा लेख तिथे आहे, यज्ञांत कुणाला किती हजार कार्षापण दक्षिणा दिली त्याची यादीच. त्यातले आकडे ही भारतातल्या अंकलेखनाच्या जुन्या नमुन्यांपैकी एक मोठी ठेव आहे. इथे पैसा हजारांत मोजला जातोय, तोलला जात नाही. ज्या समाजात नाणं मोजून घेतात तिथे आधी कुणीतरी ते तोलून ठेवलेलं असतं.

नाशिकच्या पांडवलेण्यात तर चक्क मुदत ठेवीची पावती आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० महिना शेकडा एक टक्का व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं खायचं. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करून बघा: २००० वर वर्षाला बारा टक्के म्हणजे २४०, भागिले वीस, बरोबर बारा. दोन हजार वर्षांनीही ताळा जमतो. त्याच लेखात 'सुवर्ण' नावाच्या सोन्याच्या नाण्याचा भावही आहे, एकाला पस्तीस कार्षापण.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,२५० नाणी. त्यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचे ठसे मारले होते. वितळवत बसला नाही, नहपानाच्या नाकावरच ठसा. काहींवर खालचा चेहरा अजून डोकावतो. चांदी तीच, वजन तेच, मालक नवा.

आता कोसंबींवरच्या आक्षेपांबद्दल, कारण ते खरे आहेत. वजनावरून त्यांनी नाण्यांच्या गटांचा जो क्रम लावला तो पुढच्या नाणेतज्ज्ञांनी बराच बदलला. घड्याळ बरोबर असलं तरी सगळी घड्याळं एका वेगाने चालत नाहीत. मोठ्या बाजारपेठेतलं नाणं दहा वर्षांत जेवढं झिजेल तेवढं आडगावातलं पन्नासात झिजेल. सगळ्या टांकसाळींचं मूळ वजन एकच होतं हेही गृहीतच. शिवाय जमिनीत दोन हजार वर्षं पडलेल्या मिश्र चांदीतलं तांबं ओलाव्याने गंजून निघून जातं, आणि नाणं बाहेर काढल्यावर कुणीतरी ते आम्लात बुडवून चकचकीत करतं. ती झीज बाजारातली नव्हेच. कोसंबींना हे माहीत होतं. पण धोका माहीत असणं आणि त्याचा आकडा काढता येणं यात फरक आहे. आज क्ष-किरणांनी मिश्रधातूचं प्रमाण नाण्याला धक्का न लावता काढता येतं, त्यामुळे काम थोडं सोपं झालंय.

मावशीच्या रुपयाचं मी काय केलं ते सांगायचं राहिलं. घरी येऊन हिशेब मांडला. जेव्हन्सचं सॉव्हरिन वर्षाला साधारण शेकडा ०.०३ भाग झिजत होतं. रुपयातली घट शेकडा ३.९. म्हणजे १३० वर्षांचा प्रवास. पण चांदीचे रुपये चाळीसच्या दशकात चलनातून गेले, म्हणजे ऐंशीच्या आतबाहेर वर्षं मिळाली. वर नाण्यावरचं १८६२ हे सालसुद्धा फसवं, कारण तेच साल पुढे बरीच वर्षं छापत राहिले होते. पन्नास वर्षांची झीज जास्त येत होती. सॉव्हरिन मोठ्या व्यवहारातलं, रुपया रोजच्या, तेव्हा रुपया जास्त झिजणारच, असं म्हणून मी ताळा बसवला. भावाला सविस्तर समजावलं. आजोबांच्या काळच्या बाजाराचं चित्रही रंगवलं, कोल्हापूरचा गूळ, मिरजेचा आठवडी बाजार वगैरे.

मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती. हात पुसत बाहेर आली, रुपया उचलून प्रकाशात धरला.

"बाजार कसला रे? माझ्या सासूबाईंच्या लग्नापासून देवघरात आहे तो. दर लक्ष्मीपूजनाला रांगोळीने खसखसून घासते मी. त्याही घासायच्या."